माजी मालकाला लिहावयाचे पत्र

आणे येथील एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. त्यांचे गावात किराणा दुकान असून थोरले चिरंजीव चाकण परिसरातील एका कारखान्यात हिशेब विभागात चार वर्षे नोकरीस होते. गेल्या वर्षी आजारपणानंतर त्यांची श्रवणशक्ती मंदावली. श्रवणयंत्र बसवले, परंतु फोनवरचे बोलणे नीट उमगेना. फोनची कामे सहकाऱ्याकडे द्यावीत आणि सूचना लेखी मिळाव्यात, अशी विनंती त्यांनी वरिष्ठांना केली. दोन महिन्यांनी ‘काम समाधानकारक नाही’ असे सांगून त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेण्यात आला. त्यापूर्वी दरवर्षी त्यांना पगारवाढ मिळत होती. वडील विचारतात, “ऐकू कमी येते म्हणूनच काढले, अशी दाट शंका आहे, पण पुरावा नाही. कंपनीला पत्र लिहावे काय? घरातील मंडळी म्हणतात, क्षमा करावी आणि विसरावे. बाजारात बोभाटा झाला तर दुसरी नोकरी कोण देईल, ही धास्तीही आहे.”

आमचे उत्तर असे, की पत्र अवश्य लिहावे. संवत्सरीला आपण वैर सोडतो, ते मनातले. काय घडले हे विचारण्यास क्षमाधर्म आड येत नाही. एखादी उधारी माफ करावयाची असली तरी आधी वही उघडून रक्कम पाहावी लागते. येथे वहीच उघडलेली नाही. न विचारलेली शंका घरात वर्षानुवर्षे कुजत राहते आणि ज्याची नोकरी गेली तो तरुण स्वतःलाच दोष देऊ लागतो.

आता कायदा पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अंमलात आहे. त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून श्रवणदोष त्यांत येतो. कलम 3 प्रमाणे दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. एखादे रास्त उद्दिष्ट साधण्यासाठी ती कृती प्रमाणशीर होती, असे दाखवता आले तरच अपवाद. दिव्यांग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून, संस्थेवर बेसुमार बोजा न पडेल असे योग्य फेरबदल करून देणे, यास कायद्यात ‘वाजवी सोय’ म्हटले आहे आणि ती नाकारणे हाही भेदभावच मानला आहे. फोनऐवजी लेखी सूचना मागणे ही अशीच एक साधी सोय होय. प्रमाणपत्रावर 40 टक्के दिव्यांगत्व नसेल तर काहीच हक्क नाही, हा समजही चुकीचा आहे. ती अट आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात हा फरक स्पष्ट केला.

एका पत्राने काय होते, असे कोणी म्हणेल. भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ हे प्रकरण पाहावे. वीज मंडळातील या कर्मचाऱ्याची दृष्टी 1994 मध्ये सेवेत असतानाच पूर्ण गेली. 1996 मध्ये त्यांनी मंडळास पत्र लिहून निवृत्त होण्याची इच्छा कळवली आणि पत्नीस नोकरी द्यावी अशी विनंती केली. सेवेत अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्यास काढता येत नाही, असा कायदा तोवर झाला होता. त्यांना तो ठाऊक नव्हता. मंडळाने त्यांच्याच पत्राचा आधार घेऊन त्यांना सेवेतून मोकळे केले. जानेवारी 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरवला, त्यांना सेवेतच असल्याचे मानले आणि अधिकाऱ्यांच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. हक्क माहीत नसताना लिहिलेल्या एका पत्राची भरपाई व्हायला सुमारे बारा वर्षे लागली. म्हणून पत्र जाणून, विचारपूर्वक लिहावे.

पहिली गोष्ट, पत्र चिरंजीवांनी स्वतः लिहावे आणि सही त्यांचीच असावी. कान मंद झाले म्हणून त्यांच्या वतीने वडिलांनी बोलावे, हे त्यांच्या कर्तेपणास उणेपणा आणणारे आहे. दुसरी गोष्ट, पत्रात आरोप करू नये. घडलेल्या गोष्टी तारीखवार मांडाव्यात. नोकरीचा काळ, पद, श्रवणदोषाची माहिती कोणास व केव्हा दिली, कोणती सोय मागितली, काय उत्तर मिळाले, राजीनाम्याच्या दिवशी कोण काय बोलले, एवढेच लिहावे. राजीनामा स्वेच्छेने दिला नसेल तर तेही स्पष्ट शब्दांत नमूद करावे. त्यानंतर चार प्रश्न विचारावेत. काम असमाधानकारक ठरवण्याचा आधार कोणता? त्याविषयी पूर्वी लेखी समज दिली होती काय? सोयीच्या विनंतीवर कोणता निर्णय झाला? कंपनीचे समान संधी धोरण कोठे पाहावयास मिळेल? असे धोरण जाहीर करणे कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेस बंधनकारक आहे; वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही असावी लागते.

शेवटी आपणास काय हवे ते लिहावे: पुन्हा नोकरी, दुसरे योग्य काम, थकीत देणी की निर्मळ अनुभव-प्रमाणपत्र. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत विनयाने मागावी. पत्र ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने असे दोन्ही मार्गांनी पाठवून प्रत जपावी. व्हॉट्सॲपवरील जुन्या सहकाऱ्यांच्या समूहात हा विषय काढू नये. आपले निरोप, वेतनपत्रके, वैद्यकीय कागद जपावेत. कंपनीचे हिशेबाचे कागद मात्र घरी आणू नयेत, ते आपले नव्हेत. ‘आता कोणतेही येणे उरले नाही’ अशा मजकुरावर सही मागितली, तर वकिलास दाखवल्याशिवाय करू नये.

उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले, तर दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. मात्र खाजगी नोकरीत परत घेण्याचा हुकूम सहजी मिळेल, अशी आशा बाळगू नये; नोकरीतून काढता न येण्याचे ते खास संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. कामगार कायद्याचा मार्ग लागू होतो काय हेही पाहावे. तेथे मुदती असतात, म्हणून विलंब नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. आणेकरांनी त्यासाठी जुन्नरच्या तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी.

आता एक शब्द गादीवर बसणाऱ्या वाचकांसाठी. आपल्यापैकी बहुतेक जण स्वतः मालक आहेत. असे पत्र उद्या आळेफाट्याच्या, नारायणगावच्या किंवा मंचरच्या पेढीवरही येऊ शकते. तेव्हा ‘आमचे मीठ खाऊन आमच्यावरच उलटला’ असे म्हणू नये. पत्र लिहिणाऱ्याने कचेरी गाठण्याआधी आपल्याला विचारले, हा त्याचा विश्वास आहे. जुने कागद काढावेत, ज्याने निर्णय घेतला त्यास विचारावे आणि लेखी उत्तर द्यावे. निर्णयास खरे व्यावहारिक कारण असेल तर ते सांगण्यात कमीपणा नाही. ‘याला जमणार नाही’ एवढा अंदाजच कारण असेल, तर चूक दुरुस्त करावी. कायद्याच्या भंगास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. पण चांगला माणूस गमावल्याचा तोटा त्याहून मोठा असतो.

असा अंदाज किती फसवा असतो, हे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी दाखवले आहे. बालपणीच दृष्टी गेलेल्या प्रांजल 2015 च्या नागरी सेवा परीक्षेत 773 व्या आल्या, तेव्हा पूर्ण अंधत्वाच्या कारणावरून रेल्वेने त्यांना नाकारले. पुढच्याच परीक्षेत त्या 124 व्या आल्या, भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी झाल्या. नाकारणाऱ्यांनी त्यांचे काम पाहिलेच नव्हते. आपल्या पेढीवरील माणसाचे काम तर आपण रोज पाहतो. त्याविषयी निर्णय घेताना आधी त्या कामाकडे आणि मग त्याच्या कानांकडे पाहावे.