समुद्राचा तळ १९४३ साली ‘सापडला’ नाही

#इतिहास #धागा

१/१२
स्कुबा डायव्हिंगचा इतिहास सांगताना एक वर्ष हमखास पुढे केले जाते: १९४३. त्या वर्षी फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ सिद्ध केले आणि प्रवाळांचे जग माणसाला प्रथमच दिसले, अशी ही कथा. तिचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध खोटा आहे, आणि ते खोटे निरुपद्रवी नाही.

२/१२
श्रेय द्यायचे तेथे द्यावेच. दाबून भरलेली हवा, श्वास घेतला जाईल तेव्हाच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने पुरवणारी झडप, हे त्या यंत्राचे मर्म. युद्धकाळात पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांनी केलेली झडप येथे उपयोगी पडली. पण रुकेरोल आणि देनेरूझ या फ्रेंचांनी १८६० च्या दशकातच अशा तत्त्वाचे उपकरण केले होते. म्हणजे यंत्राचा इतिहासही १९४३ पासून सुरू होत नाही.

३/१२
माणसाचा तर नाहीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात दक्षिण भारतातील कोरकईच्या मोत्यांची नोंद आहे. ते काम शिक्षा झालेल्या कैद्यांकडून करवून घेत, असेही तो सांगतो. मोती आपण होऊन किनाऱ्याला लागत नाही. खाली नेणारा दगड, शिंपल्यांसाठी जाळीची पिशवी, वर होडीत दोर धरून बसलेला सोबती आणि छातीतला एक श्वास, एवढ्यावर मन्नारच्या आखातातले पाणबुडे तळ गाठत आले.

४/१२
तेराव्या शतकात मार्को पोलोने तेथील एक रीत टिपली. शार्कपासून पाणबुड्यांचे रक्षण व्हावे म्हणून मांत्रिक नेमत आणि त्याला मिळकतीचा विसावा हिस्सा देत. ब्रिटिश अमलात सिलोनच्या मोतीहंगामातही असे मांत्रिक हजर असत. हंगामाच्या उत्पन्नाचा हिशेब सरकारी दप्तरात सापडतो. जीव धोक्यात घालणाऱ्याचे नाव क्वचितच.

५/१२
दुसरा पुरावा कागदावर नव्हे, देहात आहे. इंडोनेशियातील बजाऊ लोक पिढ्यान्‌पिढ्या प्रवाळांच्या समुद्रात बुडी मारून जगतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे ५० टक्के मोठी आढळली. बुडीच्या वेळी प्लीहा आकुंचन पावते आणि प्राणवायू वाहणाऱ्या रक्तपेशी अभिसरणात सोडते. जे ज्ञान शरीराच्या घडणीत उतरले, त्याला ‘शोधपूर्व काळ’ म्हणणे हे अज्ञानच होय.

६/१२
मग ‘प्रथमच’ हा शब्द रुजला कसा? १९५६ साली कुस्तो आणि लुई माल यांचा ‘मौनाचे जग’ या अर्थाच्या नावाचा माहितीपट आला. त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ऑस्करही मिळाले. समुद्राखालच्या रंगांनी जग दिपले. त्याच चित्रपटात आणखी काय आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते.

७/१२
त्यात प्रवाळखडकावर डायनामाइट उडवले जाते. हेतू? माशांच्या जातींची मोजदाद. सुरुंगाने मासे मारणे हा विध्वंस. पण शास्त्रज्ञासाठी तो गणनेचा मार्ग, असे समर्थन तेथेच केले जाते. तोच सुरुंग, तेच मेलेले मासे. कोळ्याच्या हाती गुन्हा आणि संशोधकाच्या हाती विज्ञान!

८/१२
पुढे जहाजाच्या पंख्यात सापडून शुक्राणू देवमाशाचे पिल्लू जबर जखमी होते, त्याला ठार केले जाते. रक्ताच्या वासाने शार्क जमतात, तेव्हा खलाशी चिडून त्यांचीच कत्तल करतात. पिल्लाचा घात जहाजाने केला. सूड मात्र शार्कवर उगवला गेला.

९/१२
आणि ‘मौन’? प्रवाळखडक मुका नाही. चिमटे वाजवणारी कोळंबी आणि मासे यांचा तेथे अखंड कल्लोळ चालतो. माशांची पिल्ले त्या आवाजाच्या रोखाने खडकाकडे येतात. मुके ठरवले गेले ते जग नव्हे, त्या जगाचे जाणकार.

१०/१२
यावर एक सबळ आक्षेप आहे: लोकांनी पाहिले म्हणूनच प्रवाळांविषयी आस्था निर्माण झाली, आणि कुस्तो स्वतःही पुढे सागररक्षणाचे पुरस्कर्ते झाले. हे मान्यच. पण पाहणे म्हणजे राखणे नव्हे. जग पाहत असतानाच लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ साली तापलेल्या पाण्यात पांढरे पडले.

११/१२
शिवाय ‘निर्जन, अस्पर्श’ समुद्राची कल्पना माणसांना उपरे ठरवते. मन्नारच्या आखातात १९८६ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे श्वास रोखून समुद्रशैवाल गोळा करणाऱ्या स्त्रियांना स्वतःच्याच बेटांभोवती मज्जाव सोसावा लागला. किनाऱ्यावरच्यांनी चुन्यासाठी पोवळी फोडली, हेही खरे. म्हणून नियम हवेतच. पण ते करताना जाणकारांना आरोपी मानणे हा न्याय नव्हे.

१२/१२
गडाच्या तटावर नाव कोरणाऱ्याला इतिहासप्रेमी बोल लावतात, ते योग्यच. पण घुमटाकार पोवळे वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढते आणि झाडाप्रमाणे वर्षावर्षाचे थर राखते. साडेतीन मीटर उंचीचे पोवळे म्हणजे सिंधुदुर्गाच्या पायाभरणीपासूनचे, १६६४ पासूनचे जिवंत दप्तर. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ सालचे; तेथेही प्रवाळ आहेत आणि पर्यटकांची गर्दीही. होडीचा नांगर पोवळ्यावर टाकणे आणि फोटोसाठी त्यावर उभे राहणे, हे तटावर नाव कोरण्याहून कमी पाप नाही. तटाचा दगड निदान पुन्हा बसवता येतो.