जलप्रवासांतील संवाद
मियामीहून २०२४ सालीं पहिल्या सफरीस निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही नौका सुमारें ३६५ मीटर लांब असून तिला २० मजले आहेत. अशा तरंगत्या नगरांत आजोबा एकीकडे, नातवंडें दुसरीकडे, अशी पांगापांग सहज होते. म्हणून कित्येक कुटुंबें वॉकी-टॉकी बरोबर नेतात. परंतु पोलादी भिंती व मजले रेडिओलहरी अडवितात, आणि परवान्याचे नियमही देशोदेशीं निराळे. तेव्हां नौकेच्या कंपनीस आधीं विचारावें. आम्ही तर म्हणूं कीं, यंत्र न्यावें, पण वृद्धांस व मुलांस भेटीचें स्थळ आणि वेळ पाठ करवावी. एकाचें बोलणें संपल्यावरच दुसऱ्यानें बोलावें, हा त्या यंत्राचा धर्म मात्र घरींही पाळण्याजोगा आहे!