बॉयलर कव्हरचा हप्ता कोणी भरावा, कोणी भरू नये

मंडळी, ऑक्टोबर संपत आला, घड्याळं एक तास मागे जायची वेळ झाली की ब्रिटनमधल्या आपल्या घरांत दोन गोष्टी हमखास सुरू होतात. फराळाच्या ऑर्डरी आणि बॉयलर कव्हरची पत्रं. "ऐन थंडीत बॉयलर बंद पडला तर?" एवढा एकच प्रश्न मोठ्या अक्षरात आणि खाली महिन्याला अमुक पौंड. घरात तान्हं मूल असेल, पुण्या-नागपूरहून आई-बाबा आलेले असतील, तर माणूस फार विचार करत नाही. डायरेक्ट डेबिट चालू करतो आणि विसरून जातो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. घर स्वतःचं आहे, बॉयलर बऱ्या अवस्थेत आहे आणि अडीअडचणीला चार-पाचशे पौंड काढता येतात, अशा घराने हे कव्हर घेऊ नये. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने तर मुळीच घेऊ नये. ज्यांना ते घेण्यावाचून गत्यंतर नाही असेही लोक आहेत. त्यांच्याबद्दल पुढे बोलतो, कारण खरा प्रश्न त्यांचाच आहे.

आधी साधा हिशेब. समजा कव्हर महिन्याला २० पौंड. वर्षाचे झाले २४०. त्यात बऱ्याचदा वार्षिक सर्व्हिस धरलेली असते. तीच बाहेरून करून घेतली तर १०० पौंड पडतात असं धरू. म्हणजे बिघाडाच्या भीतीपोटी आपण वर्षाला १४० पौंड देतोय. आता प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातून जाणारी रक्कम, म्हणजे एक्सेस, ६० धरा. बॉयलरचा पंखा गेला, ३०० चं काम निघालं. ६० तुम्ही दिले, २४० कंपनीने. आता बघा, वर्षाला १४० भरून आपले पैसे वसूल व्हायचे तर असा ३०० चा बिघाड दर पावणेदोन वर्षांनी व्हायला हवा! इतक्या वेळा बिघडणारा बॉयलर दुरुस्त करत बसायचा नसतो, बदलायचा असतो.

तुमच्या पत्रावरचे आकडे वेगळे असतील. हिशेब हाच लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

तेच १४० पौंड दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकले तर १० वर्षांत १४०० जमतात. मधे एखाद-दोन दुरुस्त्या झाल्या तरी काहीतरी उरतं आणि पुढे नव्या बॉयलरला हातभार लागतो. कंपनीला दिलेला हप्ता गेला तो गेला. शिवाय तो विमा असेल तर हप्त्यात १२ टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्सही धरलेला असतो. विमा असतो न झेपणाऱ्या नुकसानासाठी. घर जळालं तर आपण उभे राहू शकत नाही, म्हणून घराचा विमा हवाच. बॉयलरचा पंखा जाणं त्रासाचं आहे, पण त्याने कोणी रस्त्यावर येत नाही.

"पण आमचा बॉयलर नवीन आहे, तो जपायला नको?" अहो, नव्या बॉयलरला उत्पादकाची वॉरंटी असते. पाच, सात, कधी दहा वर्षांची. अट एवढीच, की दरवर्षी सर्व्हिस करायची आणि बसवल्यावर वेळेत नोंदणी करायची. हे न करता वरून कव्हर घेणं म्हणजे आधीच फुकट मिळालेल्या गोष्टीचे पुन्हा पैसे मोजणं.

मग जुना बॉयलर? इथे खरी मेख आहे. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वयाची अट असते. ठरावीक वर्षांपुढच्या बॉयलरला कव्हरच नाही, किंवा दुरुस्ती आहे पण बदलून देणं नाही. गाळ साचला तर नाही. क्षार साचले तर नाही, आणि लंडन नि आग्नेय इंग्लंडातलं पाणी किती जड आहे हे आपल्या किटलीचा तळ रोज सांगतो. बिघाड कव्हर घेण्याआधीचा असेल तर नाही. शिवाय बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीचे काही आठवडे क्लेमच करता येत नाही. म्हणजे ज्याचा बॉयलर थकलाय, ज्याला खरी गरज आहे, नेमका तोच बाहेर!

आणखी एक. कडाक्याच्या थंडीत बंद पडलेला प्रत्येक बॉयलर बिघडलेला नसतो. प्रेशर खाली गेलेलं असतं. थंड असताना ते साधारण १ ते दीड बारच्या दरम्यान हवं, कमी असेल तर मॅन्युअल बघून आपल्यालाच वाढवता येतं. वारंवार उतरत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे, माणूस बोलवा. किंवा बाहेर काढलेला कंडेन्सेट पाइप गोठलेला असतो. त्यावर कोमट पाणी (उकळतं नव्हे!) ओतलं आणि बॉयलर रीसेट केला की बऱ्याचदा काम होतं. एवढं घरातल्या दोघांना यायला हवं. बाकी बॉयलरच्या आत हात घालायचा नाही. गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्या माणसाकडूनच, त्याचं ओळखपत्र बघून. गॅसचा वास आला तर कसलं कव्हर नि कसलं काय, थेट ०८०० १११ ९९९ ला फोन. तो फुकट आहे.

आता भाडेकरूंचं. नव्याने आलेली कितीतरी जोडपी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि पत्र आलं की घाबरून कव्हर घेतात. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ प्रमाणे साध्या भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे वेगळे, पण जबाबदारी तिथेही मालकाचीच. गॅसची वार्षिक तपासणी करून तिचा दाखला तुम्हाला देणंही त्याच्याकडेच. तुमचं काम एवढंच, की बिघाड झाला की लगेच लेखी कळवायचं. ईमेल करा, फोटो जोडा. दाद मिळत नसेल तर कौन्सिलकडे जा. रागाने भाडं थांबवू नका, त्याने आपलीच बाजू लंगडी होते. पण मालकाच्या बॉयलरचा हप्ता आपण भरायचा? हे म्हणजे लग्न त्याचं आणि वरातीचा खर्च आपला.

मग कव्हर घ्यावं कोणी? घर स्वतःचं आहे, पण जानेवारीत अचानक ४०० पौंड उभे करणं शक्य नाही, त्यांनी. घरात आजारी किंवा फार वयस्कर माणूस आहे आणि रात्री-अपरात्री माणूस शोधणं जमणार नाही, त्यांनी. जवळपास भरवशाचा हीटिंगवाला नाही, त्यांनी. अशा घरांसाठी २० पौंड ही निश्चिंतीची किंमत आहे आणि ती मोजणं शहाणपणाचंच आहे. फक्त सही करण्याआधी चार गोष्टी बघा.

१. घराच्या विम्यात किंवा बँकेच्या पॅकेज अकाउंटमध्ये होम इमर्जन्सी कव्हर आधीच आहे का.
२. बॉयलरच्या वयाची अट काय, आणि तो दुरुस्तीपलीकडे गेला तर नेमकं काय मिळणार.
३. माणूस किती तासांत येईल हे लिहून दिलंय का, की नुसतं "लवकरात लवकर" आहे.
४. हा विमा आहे की नुसता सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. विमा असेल तर साधारणपणे १४ दिवसांत रद्द करता येतो, आणि तक्रार करून ८ आठवड्यांत समाधान झालं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे फुकट दाद मागता येते. नुसत्या सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टला तो दरवाजा सहसा उघडा नसतो.

आता सार्वजनिक मुद्दा. २०१४ साली फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने होमसर्व्ह या मोठ्या कंपनीला चुकीच्या विक्रीसाठी आणि तक्रारींच्या हाताळणीसाठी ३ कोटी पौंडांहून जास्त दंड केला. जुलै २०२३ पासून कन्झ्युमर ड्युटी लागू आहे, म्हणजे ग्राहकाला पैशाचं योग्य मोल मिळतंय की नाही हे पाहणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. होम इमर्जन्सी विम्यात किती क्लेम येतात, किती मंजूर होतात, सरासरी किती पैसे दिले जातात, हे आकडेही ही संस्था कंपनीनिहाय जाहीर करते. चांगलंच आहे. पण ऐंशी वर्षांच्या आजी ती तक्त्यांची फाइल कधी उघडणार?

माझी मागणी साधी आहे. दरवर्षी येणाऱ्या नूतनीकरणाच्या पत्रावर पहिल्याच पानावर तीन ओळी छापा. आजवर तुम्ही किती भरलेत. आजवर तुम्हाला किती मिळालं. आणि तुमचा बॉयलर आज बंद पडला तर बदलून मिळेल की नाही, हो किंवा नाही. कंपनीकडे ही माहिती असतेच, किंवा वार्षिक सर्व्हिसच्या वेळी ती सहज घेता येते. जी कंपनी खरोखर उपयोगी पडते तिला हे छापायला लाज वाटायचं कारण नाही. आपल्या खासदाराला पत्र लिहिण्यासारखा हा विषय आहे. आपली मतं इथे आहेत, ती या कामीही यावीत.

तोवर आपल्या हातातलं काम करू. ओळखीतल्या ज्येष्ठांकडे जाल तेव्हा त्यांचं पत्र एकदा वाचून द्या. निवृत्तिवेतनाच्या वयाचे, अपंग किंवा दीर्घ आजारी लोक आणि पाच वर्षांखालची मुलं असलेली घरं यांची नावं वीज-गॅस कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर घाला. ते फुकट असतं. त्याने बॉयलर दुरुस्त होत नाही, पण पुरवठा खंडित झाला तर अशा घरांची दखल आधी घेतली जाते.

ज्यांनी कव्हर वापरलंय त्यांनी खाली जरूर लिहा: किती वर्षं भरलंत, किती वेळा माणूस आला, कितीचं काम झालं. कंपनीचं नाव नको, आकडे हवेत. आणि भाड्याच्या घरात राहणारं कोणी ओळखीचं असेल तर ही पोस्ट त्यांना आजच पाठवा.