तपासणीचं बिल कोण भरतं?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ब्लेकली या लहानशा गावात पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचा शेंगदाण्यांचा कारखाना होता. बिस्किटं, चॉकलेटं, आइस्क्रीम बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना तिथून माल जायचा. २००८ मध्ये एका खासगी तपासणी संस्थेने या कारखान्याला ‘सुपीरियर’, म्हणजे अव्वल, असा शेरा दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथल्या मालातून साल्मोनेला हा जिवाणू पसरू लागला. सातशेहून अधिक लोक आजारी पडले, नऊ जण दगावले. चौकशीत बऱ्याच गोष्टी उघड्या पडल्या. तपासनीस कधी येणार हे कारखान्याला आधीच ठाऊक असायचं आणि त्याची फी कारखानाच भरायचा. कंपनीने काही मालासोबत प्रयोगशाळेचे खोटे दाखलेही पाठवले होते. मालक स्टुअर्ट पार्नेल याला २०१५ मध्ये २८ वर्षांची कैद झाली.

याच कारखान्यात नेस्लेने २००२ मध्ये आपली माणसं पाठवली होती. त्यांनी पाहणी केली आणि माल घ्यायला नकार दिला. कारखाना एकच, पण ज्याचं नाव बुडणार होतं त्याला घाण दिसली. ज्याला पुढच्या वर्षीचं कंत्राट हवं होतं, त्याच्या नजरेतून ती सुटली.

प्रमाणपत्रांवर बोलताना हा हितसंबंधाचा मुद्दा आपल्याकडे फारसा निघत नाही. आपला सारा भर कागद आहे की नाही यावर. पुरवठादाराकडे आयएसओ आहे, अन्नसुरक्षेचं हॅसॅप आहे, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा म्हणजे एफएसएसएआयचा क्रमांक आहे. मग आणखी काय हवं?

त्या क्रमांकाचंच घ्या. पाकिटावर छापलेले चौदा आकडे म्हणजे दर्जाची हमी, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पहिला आकडा परवाना की नुसती नोंदणी एवढं सांगतो. पुढच्या आकड्यांत राज्य आणि वर्ष दडलेलं असतं. धंदा कुठे आणि कुणाचा हे त्यावरून शोधता येतं, आणि ते निश्चितच उपयोगाचं आहे. पण आतला माल कसा आहे, याबद्दल तो क्रमांक काहीही बोलत नाही. वडापावच्या गाडीवर नोंदणीचा कागद लावला म्हणून कढईतलं तेल ताजं होत नाही.

मालाकडे खरोखर पाहणारी व्यवस्था कशी असते, ते बघायला परदेशी जायची गरज नाही. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार ती दरवर्षी भोगतो. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि युरोपची बाजारपेठ हातची जायची वेळ आली. त्यानंतर शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ सुरू केलं. निर्यातीची प्रत्येक बाग नोंदवायची, तिला क्रमांक द्यायचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाने बागेत येऊन नमुना घ्यायचा. अंश मर्यादेबाहेर निघाले, तर त्या बागेचा माल युरोपला जात नाही. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा इतर प्रयोगशाळांवर लक्ष ठेवते.

एवढं करूनही २०१० मध्ये फटका बसलाच. वेलीची वाढ रोखायला वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलीत ‘सीसीसी’, युरोपात पोचलेल्या द्राक्षांत आढळलं. कंटेनर अडकले, बागायतदार आणि निर्यातदार दोघेही कर्जात रुतले. तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसीचं नावच नव्हतं. मालाचे दाखले खरे होते, फक्त विचारलेल्या प्रश्नांपुरते. पुढे यादी सुधारली आणि द्राक्षं पुन्हा युरोपला जाऊ लागली. चूक महागात पडली म्हणून ती दुरुस्त झाली.

आता याच बागांमधली जी द्राक्षं आपल्या बाजार समित्यांत उतरतात, त्यांचं काय? क्रेट उतरलं, बोली लागली, गाडी निघाली. बागेचा क्रमांक नाही, फवारणीची नोंद कुणी मागत नाही, नमुना घेतलाच तर चुकूनमाकून. युरोपच्या मर्यादेत न बसलेला माल आपल्या मर्यादेत बसू शकतो, हे मान्य. पण तो बसतो की नाही, हे पाहायला तरी हवं. परदेशी गिऱ्हाइकासाठी उभारलेली यंत्रणा घरच्या गिऱ्हाइकाच्या दारात येऊन का थांबते, याचं पटेल असं उत्तर मिळत नाही. खर्चाचं कारण पुढे केलं जातं. मोठ्या बाजार समित्यांत रोज थोडे नमुने चिठ्ठ्या टाकून उचलणं राज्याला झेपणार नाही, असं मात्र नाही. अॅगमार्कची मध्यवर्ती प्रयोगशाळा तर आपल्या नागपुरातच आहे.

छोट्या पुरवठादाराची तक्रार वेगळी आहे आणि ती रास्त आहे. मसाले, पापड, लोणची करणाऱ्या बचत गटाकडून मोठा खरेदीदार एकामागून एक प्रमाणपत्रं मागतो, आणि प्रत्येकाची फी वेगळी. यावर महाराष्ट्रात वाट सापडलेली आहे. १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या महाग्रेप्सने छोट्या बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र बांधल्या. ग्लोबलगॅपसारख्या शेतीच्या प्रमाणपत्रातही गटाने मिळून अर्ज करायची सोय आहे. मसाल्याच्या गटांना हे का जमू नये?

उरतो फीचा प्रश्न. एफएसएसएआयने २०१८ मध्ये त्रयस्थ संस्थांकडून तपासणीचे नियम केले. तिचा खर्च मात्र तपासला जाणारा व्यवसायच करतो. ब्लेकलीतली गाठ इथेही तशीच आहे. ती सोडवायची, तर फी प्राधिकरणाकडे जमा व्हावी, तपासनीस प्राधिकरणाने नेमावा, तो कधी येणार हे आधी कळू नये आणि दरवर्षी तो बदलावा. अहवाल कपाटात न ठेवता त्या चौदा आकड्यांखाली सर्वांना वाचता येईल असा टाकावा. कुठल्या खेपेचा नमुना घेतला, कशासाठी तपासला, काय सापडलं, एवढं त्यात असलं तरी किराणा दुकानदारापासून शाळेच्या पोषण आहाराचा ठेका देणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत साऱ्यांना माल घेण्याआधी विचारायला काहीतरी हाताशी राहील.