वायसरावाचून अडलेली मोटार

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या घरापुढे जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असते. इंजिन ठीक, पत्रा शाबूत. तरी गाडी हलत नाही. ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरी वायसर निकामी झालेले असते आणि नवे मिळत नाही. तेल्हाऱ्यात नाही म्हणून अकोट, तेथे नाही म्हणून अकोला, असा शोध घेऊन मालक थकतो आणि गाडी भंगारात जाते. हा दोष मालकाचा नव्हे, मेकॅनिकचाही नव्हे. त्याचे मूळ अर्थव्यवहारात आहे.

लोखंड वापराने झिजते. रबर मात्र नुसते पडून राहिले तरी खराब होते. ऊन, उष्णता व हवेतील ओझोन यांमुळे ते कडक होऊन त्यास भेगा पडतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर विचारावयासच नको. तेव्हा गाडी कितीही जपली तरी रबर बदलणे अटळ आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनीचे उत्पादन शतक पालटण्याच्या सुमारास थांबले. तरीही तिच्या सुट्या भागांना मोठे गिऱ्हाईक उरले होते, ते मुंबईच्या टॅक्सींचे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सीही निवृत्त झाल्या आणि हा आधार तुटला. समजा, एका साच्यास पन्नास हजार रुपये खर्च आला. हजार नग खपले तर प्रत्येकावर पन्नास रुपयांचा बोजा पडतो. दहाच खपले तर पाच हजारांचा. हा व्यवहार कोणता कारखानदार करील?

कुशल कारागीर वायसराच्या आकाराची नक्कल करू शकतो, पण रबराच्या मिश्रणाचे काय? दाराच्या पट्टीस ऊन सोसणारे रबर लागते, ऑइल सीलला तेल सोसणारे. ब्रेकच्या वायसरास मात्र खनिज तेल लागले की ते फुगते. येथे चुकीची नक्कल म्हणजे जिवाशी खेळ.

सुटे भाग खुल्या बाजारात मोकळेपणी न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळ उघडले. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु जो भाग कोणी बनवीतच नाही, तो खुल्या बाजारात येणार कोठून? जपानच्या माझ्दा कंपनीने एमएक्स-५ या स्पोर्ट्‌स मोटारीच्या पहिल्या पिढीचे बंद पडलेले काही भाग पुन्हा बनविण्याचे २०१७ मध्ये जाहीर केले. प्रत्येक कंपनीकडून एवढी अपेक्षा करता येणार नाही. मात्र एखाद्या गाडीचे उत्पादन व तिच्या भागांचा पुरवठा कायमचा थांबविताना रबरी भागांची रेखाचित्रे व मिश्रणाचा तपशील जाहीर करण्याचे बंधन कायद्याने घालता येईल. ज्या मालातून कंपनीस एक पैसाही मिळावयाचा नाही, त्याचे गुपित राखून तिचा कोणता लाभ होणार?

जुन्या गाड्या धूर सोडतात, हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचा निवाडा धुराच्या तपासणीने व्हावा. चालू स्थितीतील गाडी एका वायसरावाचून भंगारात जाणे ही प्रगती नव्हे. ती उधळपट्टी होय.