मुखवटा उशीवर होता

'आइज वाइड शट' हा चित्रपट आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. त्यातली दोन-तीन मिनिटे मात्र पुष्कळांनी पाहिली आहेत. लाल झग्यातला मुखवटेधारी इसम, त्याच्या हातातले धुपाटणे, भोवती गोल करून बसलेल्या बायका आणि पाठीमागे कुठली तरी अगम्य प्रार्थना. एवढा तुकडा कोणी तरी कापून घेतो, त्यावर उर्दू निवेदन चढवतो, 'दज्जाल की फौज' किंवा 'फ्रीमेसन बेनकाब' असे नाव देतो आणि मग तो मोबाइलवरून मोबाइलवर फिरत राहतो. आमच्या एका सहकाऱ्याने तो आम्हालाही पाठवला आणि मधल्या सुट्टीत विचारले, "देखा? अब तो मानते?"

आम्ही मानले नाही. म्हणून हा लेख.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. चित्रपटाचे समीक्षक नाही. पण बी.एड. करताना एक गोष्ट आमच्या डोक्यात पक्की बसली, की उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायचे तर आधी उतारा पूर्ण वाचावा. मुलांना आम्ही रोज बजावतो, धडा न वाचता गाळलेल्या जागा भरू नका. तेव्हा आम्ही १५९ मिनिटांचा तो संपूर्ण चित्रपट पाहिला. एकदा नव्हे, दोनदा. दार लावून पाहिला, हेही कबूल करतो. मुलाबाळांत बसून पाहण्याचा तो नव्हेच. पाहिल्यावर लक्षात आले की ज्या तीन मिनिटांवर आपले लोक एवढी माथेफोड करतात, त्यांच्या आधी आणि नंतर एका मियाँ-बीवीची गोष्ट आहे. ती मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

गोष्ट अशी. न्यूयॉर्कमधला बिल हार्फर्ड हा सुखवस्तू डॉक्टर. त्याची बीवी अॅलिस, आणि एक लहान मुलगी. एका रात्री बोलता बोलता बिल म्हणतो की तुझ्याबद्दल माझ्या मनात कधी शंका येत नाही. तू माझी बायको आहेस, माझ्या मुलीची आई आहेस. अॅलिसला हसू आवरत नाही. हसून झाल्यावर ती सांगते की मागच्या उन्हाळ्यात आपण समुद्रकिनारी गेलो होतो, त्या हॉटेलात एक नौदलाचा अधिकारी दिसला होता. त्याने एकदा पाहिले, एवढेच. पण त्याने बोलावले असते तर नवरा, मुलगी, सगळे भविष्य सोडून जायची माझी तयारी होती. आणि गंमत म्हणजे त्याच क्षणी तूही मला कधी नव्हे इतका प्रिय वाटत होतास.

घडले काहीच नाही. एक नजर आणि एक विचार. पण तेवढ्याने डॉक्टरसाहेबांचे घर हलते. ते रात्री रस्त्यावर उतरतात ते जणू हिशेब चुकता करायला. आधी एका मृत रुग्णाची मुलगी, मग रस्त्यावर भेटलेली एक वेश्या, मग तो मुखवट्यांचा वाडा. प्रत्येक ठिकाणी काही तरी आडवे येते आणि ते रिकाम्या हाताने पुढे सरकतात. बायकोच्या मनातल्या एका विचाराला उत्तर द्यायला निघालेला हा मर्द रात्रभरात एकही दार नीट उघडू शकत नाही.

आता त्या वाड्याच्या दाराकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे.

दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने ही कथा स्वतः रचलेली नाही. आर्थर श्निट्झलर हा व्हिएन्नाचा ज्यू लेखक. तो स्वतः डॉक्टर होता. त्याची 'ट्राउमनोव्हेले' ही छोटी कादंबरी १९२६ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातही रात्रीचा वाडा आहे, मुखवटे आहेत आणि आत शिरायला परवलीचा शब्द आहे. तो शब्द आहे 'डेन्मार्क'. हे जोडपे उन्हाळ्यात डेन्मार्कला गेले होते आणि बायकोचे मन जिच्यामुळे विचलित झाले ती भेट तिथलीच. म्हणजे त्या गुप्त मंडळीचे दार कोणत्या शब्दाने उघडते? बायकोच्या कबुलीत आलेल्या शब्दाने. कुब्रिकने शब्द बदलून 'फिडेलिओ' केला. फिडेलिओ हा बीथोव्हेनचा एकमेव ऑपेरा. त्यात लिओनोरे ही स्त्री पुरुषाचा वेश घेऊन कैदेतल्या नवऱ्याला सोडवते आणि वेशांतरात तिने घेतलेले नाव आहे फिडेलिओ. या नावाच्या मुळाशी निष्ठेचा अर्थ आहे. पुन्हा दार उघडते ते एका बायकोच्याच नावाने.

एवढी उघड किल्ली लेखकाने आणि दिग्दर्शकाने हातात ठेवली असताना आम्ही खिडकीतून आत डोकावून त्रिकोण आणि डोळे मोजत बसतो. बिल वाड्यातून घरी परततो तेव्हा अॅलिस झोपेत हसत असते. जागी होऊन रडत रडत स्वप्न सांगते. त्या स्वप्नात ती अनेक पुरुषांबरोबर आहे आणि नवऱ्याला हसते आहे. तो जे पाहून आला, तेच तिने घरी अंथरुणावर पाहिले. वाडा शहराबाहेर आहे, की त्या दोघांमध्ये आहे?

यावर आमचे सहकारी म्हणतील, मग कुब्रिक मेला कसा? ७ मार्च १९९९ रोजी, चित्रपट स्टुडिओला दाखवल्यावर काही दिवसांतच, तो गेला. चित्रपट जुलैमध्ये लागला. खरे आहे. सत्तर वर्षांचा माणूस झोपेत हृदयविकाराने गेला. चित्रीकरण चारशे दिवस चालले होते, दीर्घ चित्रीकरणाचा तो विक्रम म्हणून नोंदला गेला आहे. यातून खून कसा निघतो ते आम्हाला समजत नाही. 'चोवीस मिनिटे कापली' असे सांगणाऱ्यांनी त्यातला एक सेकंदही आजवर कोणाला दाखवलेला नाही. खरी कापाकापी झाली ती उघड झाली आणि ती वर्तमानपत्रांत आली. अमेरिकेतल्या प्रतीत नग्न दृश्यांसमोर संगणकाने आकृत्या उभ्या केल्या, कारण सौम्य प्रमाणपत्र हवे होते. वाड्याच्या दृश्यात गीतेतला श्लोक वाजत होता. अमेरिकेतल्या हिंदू संघटनेने हरकत घेतली आणि पुढच्या प्रतींतून तो काढला गेला. आणि ती अगम्य प्रार्थना ज्यांना सैतानाची वाटते त्यांनी ऐकून ठेवावे, ती रुमानियातल्या ऑर्थोडॉक्स चर्चची उपासना आहे, उलटी वाजवलेली. कोणाच्या तरी श्रद्धेचे शब्द उलटे लावले की ते भीतिदायक वाटतात. आपल्या अजानीचेही तसे करणारे चित्रपट आम्ही पाहिले आहेत आणि संतापलो आहोत. मग दुसऱ्याच्या उपासनेला सैतानी म्हणताना आमची जीभ का अडखळत नाही?

दुसरा दाखला हल्ली एपस्टीनचा दिला जातो. जेफ्री एपस्टीन हा अमेरिकन धनिक २०१९ च्या जुलैत पकडला गेला, ऑगस्टमध्ये तुरुंगात मेला, आणि लोक म्हणू लागले की पाहा, कुब्रिकने वीस वर्षे आधी सांगितले होते. आम्ही म्हणतो, त्या प्रकरणाचा धडा नेमका उलटा आहे. या माणसाने २००८ सालीच फ्लोरिडात गुन्हा कबूल केला होता. सरकारी वकिलांशी करार झाला, प्रत्यक्ष कैद भोगली ती साधारण तेरा महिन्यांची, आणि त्यातही दिवसा कार्यालयात जायची मुभा. ना मुखवटा, ना धूप, ना मंत्र. महागडे वकील, मोठ्या ओळखी आणि सह्या केलेले कागद. अल्पवयीन मुलींवर जुलूम करून सुटायला एवढे पुरले. जुलमाला गुप्त मंडळ लागत नाही. जुलूम गुप्त मंडळाचाच असतो असे एकदा मानले, की समोरचा उघडा जुलूम दिसेनासा होतो.

चित्रपटातही हेच आहे. मॅण्डी नावाची एक मुलगी सुरुवातीला झीगलर नावाच्या श्रीमंताच्या न्हाणीघरात नशेत बेशुद्ध पडलेली दिसते. खाली मेजवानी चालू आहे आणि यजमानाला घाई आहे ती हिला लवकर बाहेर काढण्याची. पुढे वाड्यात बिल पकडला जातो, कारण सगळे आलिशान मोटारींतून आले आणि हा टॅक्सीने आला. पोशाखही भाड्याचा, त्याची पावती कोटाच्या खिशात. एक मुखवटेधारी स्त्री त्याचा गुन्हा स्वतःवर घेते. दुसऱ्या दिवशी मॅण्डी शवागारात असते. झीगलर समजावतो की ते सगळे तुला घाबरवण्यासाठी केलेले नाटक होते. ती नशेबाज होती, कधी ना कधी मरणारच होती. तो खरे बोलतो की खोटे, हे कुब्रिक सांगत नाही. पण एक मुलगी मेली आहे आणि दोन पुरुष बिलियर्डच्या टेबलाभोवती तिचा विषय मिटवत आहेत, यात काय गूढ आहे? ज्यांनी त्या तीन मिनिटांतले प्रत्येक चिन्ह मोजले, त्यांना आम्ही विचारले की त्या मुलीचे नाव काय? एकालाही सांगता आले नाही.

कोणी म्हणेल, हा गोऱ्यांचा घाणेरडा पसारा, आपला त्याच्याशी काय संबंध? आपल्या बायकांच्या मनात असले काही येत नाही. भाईजान, हे वाक्य बिल हार्फर्डचे आहे! तिथूनच त्याची रात्र सुरू होते. आपल्या परंपरेने मात्र हे वाक्य कधी उच्चारलेले नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये निकाहच्या अदबीवर लिहिताना शौहरला बजावले की बीवीची गरज पूर्ण होण्याआधी तिच्यापासून दूर होऊ नकोस. बुखारी शरीफमध्ये बरीराची हकीकत आहे. गुलामीतून मुक्त झाल्यावर तिने आपला शौहर मुगीस याला नाकारले. तो मदिन्याच्या गल्ल्यांतून तिच्या मागे रडत फिरायचा, आसवांनी दाढी भिजायची. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला त्याच्याकडे परत जाण्याविषयी सांगितले. तिने विचारले, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो. ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही. आणि गोष्ट तिथे संपली. बाईच्या मनाला मन म्हणून मोजण्याचे एवढे स्पष्ट उदाहरण आपल्या हदीसमध्ये असताना आम्ही जलशांत ते किती वेळा ऐकले? दज्जालची निशाणी मात्र पाठ आहे.

आमचे म्हणणे कडू लागेल, पण ते असे की दज्जाल सोयीचा आहे. तो दूर असतो, त्याच्याशी आपल्याला काही बोलावे लागत नाही. घरात समोर बसलेल्या बाईला, तुला काय वाटते, असे विचारणे त्याहून अवघड. आम्ही हे इतरांना सांगतो आहोत असे नाही. लग्नाला दहा वर्षे झाली. हा प्रश्न आम्ही स्वतः किती वेळा विचारला हे आठवू लागलो तेव्हा बोटे उरली.

शेवटी मुखवट्याविषयी. बिलने भाड्याने घेतलेला मुखवटा परत करताना सापडत नाही. तो घरी येतो तर अॅलिस झोपलेली आहे आणि शेजारी त्याच्या उशीवर तो मुखवटा. तो ढसाढसा रडतो आणि तिला सगळे सांगून टाकतो. मुखवटा तिथे कोणी ठेवला? आमचे सहकारी शपथेवर सांगतात की त्या मंडळीच्या हस्तकाने, धमकी म्हणून.

आम्ही ही गोष्ट घरी बेगमला सांगितली. चित्रपट तिने पाहिलेला नाही, पुस्तक तर दूरच. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "और कौन रखेगा? बीवीइच रखी होगी. घर की चीज घरवाली कोच मिलती."

श्निट्झलरच्या पुस्तकातही असेच आहे. मुखवटा बायकोला सापडतो आणि तीच तो नवऱ्याच्या उशीवर ठेवते. भांडण न करता, एक शब्दही न बोलता. शंभर वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नातल्या लेखकाने जे लिहिले ते आमच्या बेगमने तांदूळ निवडता निवडता ओळखले, आणि आमच्या शिक्षक-कक्षातल्या पदवीधरांना कळले नाही.

आम्ही तिला विचारले, तुला कसे कळले? ती हसली. त्या हसण्याचा अर्थ आम्ही विचारला नाही. विचारायला हवा होता. आज विचारणार आहोत.