आला तोच आकडा लिहा

शाळेत शिकलेले बरेचसे विज्ञान पुढे विसरले जाते, पण ९.८ हा आकडा लक्षात राहतो. वरून सोडलेल्या वस्तूचा वेग प्रत्येक सेकंदाला, सेकंदाला साधारण ९.८ मीटर इतका वाढत जातो, हे गुरुत्व त्वरण परीक्षेपुरते का होईना सगळ्यांनी पाठ केलेले असते. हा आकडा स्वतः मोजून काढलेली माणसे मात्र फार थोडी भेटतात. यात नुकसान फक्त भौतिकशास्त्राचे होत नाही. त्याची किंमत पुढे दवाखान्यातही मोजावी लागते.

मोजायला लागणारे साहित्य कुठल्याही गावात मिळते. भिंतीतला एक खिळा, एक मीटरभर मजबूत दोरा, गवंड्याचा ओळंबा किंवा एखादा जड नट, मोजायची टेप आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच. दोऱ्याला वजन बांधून ते थोडेसे बाजूला घ्यायचे आणि सोडून द्यायचे. हा झाला लंबक. जाऊन परत येणे म्हणजे एक झोका. झोका लहान ठेवला, तर त्याला लागणारा वेळ दोनच गोष्टींवर ठरतो: दोऱ्याची लांबी आणि त्या जागेचे गुरुत्व. ओळंबा जड की हलका, याने फरक पडत नाही. खिळ्यापासून वजनाच्या मध्यापर्यंतची लांबी मीटरमध्ये घ्यायची, तिला ३९.५ ने गुणायचे आणि एका झोक्याच्या वेळेच्या वर्गाने भागायचे. लांबी बरोबर एक मीटर असेल आणि वीस झोक्यांना ४०.२ सेकंद लागले असतील, तर उत्तर येते ९.७८.

वीसच झोके का? यातच या प्रयोगाचा खरा धडा आहे. स्टॉपवॉच दाबताना बोट थोडे पुढेमागे होतेच. समजा, ही चूक दोन दशांश सेकंदांची आहे. एकच झोका मोजला, तर दोनऐवजी २.२ किंवा १.८ सेकंद येतील आणि उत्तर ८.२ किंवा १२.२ पडेल. वीस झोके मोजले, तर तीच चूक वीस ठिकाणी वाटली जाते आणि उत्तर ९.७ ते ९.९ च्या आत राहते. बोट तेच, घड्याळ तेच. बदलली ती फक्त मोजण्याची रीत.

दुसरी चूक याहून गमतीची. वजन सोडतानाच मूल ‘एक’ म्हणते. खरे तर तिथे ‘शून्य’ म्हणायला हवे. ‘एक’पासून मोजून विसाला घड्याळ थांबवले, तर प्रत्यक्षात एकोणीसच झोके झालेले असतात आणि गुरुत्व १०.८ येते. आपल्या गटाचे उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळे का, हे मुलांनी स्वतः शोधून काढले, तर ती हा धडा सहसा विसरत नाहीत.

पण अनेक ठिकाणी घडते ते उलटे. अकरावी-बारावीच्या जर्नलमध्ये उत्तर आधी ठरते आणि निरीक्षण मागून लिहिले जाते. ९.८ यायला हवे म्हणून किती सेकंद लिहावे लागतील, याचे गणित उलटीकडून होते, नाहीतर मागच्या वर्षीची वही असतेच. १०.८ लिहिणाऱ्याचे गुण जातात आणि न मोजता ९.८ लिहिणाऱ्याला पूर्ण मिळतात. न बोलता शिकवले जाते ते इतकेच की, निरीक्षण पुस्तकाशी जुळत नसेल, तर निरीक्षण बदलावे.

विज्ञानाचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. वेळ जुळवण्यासाठी लंबक जवळपास पावणेतीन मिलिमीटर आखूड करावा लागला. रिशेने ते जसे दिसले तसे नोंदवले. विषुववृत्ताजवळ गुरुत्व किंचित कमी आहे, हे त्यातून पुढे आले आणि पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे, हे मांडताना न्यूटनने या नोंदीचा आधार घेतला.

भारतातही हे काम झाले आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले कॅप्टन बसेवी १८६५ पासून लंबक घेऊन देशभर फिरले आणि १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर, निरीक्षणांच्या कामावर असतानाच मरण पावले. त्या पठारावर गुरुत्व गणिताने यायला हवे त्यापेक्षा कमी भरले होते. उंच पर्वतांच्या खाली तुलनेने हलके खडक खोलवर असावेत, या कल्पनेला अशा न जुळणाऱ्या आकड्यांनी बळ मिळाले. पाठ्यपुस्तकातले ९.८ हेसुद्धा सोयीसाठी घेतलेले मूल्य आहे. विषुववृत्तावर ते ९.७८, ध्रुवांवर ९.८३ आणि महाराष्ट्रात ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान असते.

वैद्यकाचा आणि लंबकाचा संबंध जुना आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, लंबकाचे घड्याळ अजून यायचे होते तेव्हा, इटलीतल्या पादुआचे वैद्य सान्तोरिओ यांनी नाडी मोजायला लंबकच वापरला. झोका रुग्णाच्या नाडीशी जुळेपर्यंत दोरा लांब-आखूड करायचा आणि दोऱ्याची लांबी नोंदवायची. नाडी जलद की मंद, हे त्याआधी वैद्याच्या बोटांना जाणवत असे. आता ते मोजून लिहिता आणि उद्याच्या नोंदीशी ताडून पाहता येऊ लागले.

आजच्या वॉर्डात उपकरणे पुष्कळ आहेत, पण जर्नलमधली सवयही तिथपर्यंत पोचलेली असते. रुग्णांच्या नोंदतक्त्यांवर श्वासाचा वेग ओळीने १८ किंवा २० आणि रक्तदाब १२०/८० असा दिसू लागला, की मोजले किती आणि लिहिले किती, हा प्रश्न पडतो. श्वासाचा वेग वाढणे ही प्रकृती ढासळत असल्याची फार लवकर मिळणारी खूण आहे. ती पाहायला यंत्र लागत नाही, एक मिनिट लागते. ते मिनिट वाचवून सवयीचा आकडा लिहिला, तर ही सूचना वाया जाते.

लहान मुलांच्या न्यूमोनियात तर एका श्वासाने निर्णय फिरतो. खोकला असलेल्या, दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असेल, तर तो जलद मानतात. एक ते पाच वर्षांच्या मुलात ही मर्यादा ४० आहे. आठ महिन्यांच्या बाळाचे श्वास पंधराच सेकंद मोजून चारने गुणले, तर बारा श्वासांचे ४८ होतात आणि तेराचे ५२. एक श्वास इकडे-तिकडे झाला, की ‘साधा खोकला’चा न्यूमोनिया होतो किंवा न्यूमोनियाचा साधा खोकला. म्हणून बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजायचे असते. वीस झोके मोजल्याने चूक भागली जाते आणि पंधरा सेकंदांना चारने गुणल्याने ती चौपट होते, ही एकच गोष्ट आहे. शाळेत ओळंब्यासमोर जे समजले असते, ते तापलेल्या बाळासमोर पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये.

गुरुत्व स्वतःही दवाखान्यात हजर असतेच. रक्तदाब मोजताना दंड हृदयाच्या पातळीवर हवा, कारण पट्टा दहा सेंटिमीटर खाली गेला, की आकडा सात-आठ अंकांनी जास्त येतो. घरी यंत्र ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. हात मांडीवर लोंबता ठेवून घेतलेल्या रक्तदाबावरून गोळी वाढवायची नसते.

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम पुरा करायची घाई आणि प्रयोगशाळेला कुलूप. पण या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही. व्हरांड्यात दहा खिळे ठोकले, तर सहा-सहांचे दहा गट एका तासिकेत आपापला आकडा काढू शकतात. अट एकच असावी: प्रत्येक गटाचा आकडा फळ्यावर जसाच्या तसा लिहायचा, कोणाचाही पुसायचा नाही. मग सरासरी काढायची आणि सर्वांत दूरच्या आकड्याचे कारण शोधायचे.

परीक्षेतही बदल हवा. प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण तरी मूळ निरीक्षणांना, ती पुन्हा घेण्याला आणि चूक कुठे झाली असेल हे सांगण्याला द्यावेत. वहीत खाडाखोड न करता लिहिलेले आणि मग नीट समजावून सांगितलेले १०.८ हे नकललेल्या ९.८ पेक्षा जास्त गुणांचे धरावे. यातली काही मुले पुढे परिचारिका, आशा कार्यकर्त्या, डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतील. त्यांनी तक्त्यावर लिहिलेल्या आकड्यावर कुणाचे तरी औषध ठरणार आहे.